बाबा, तुम्ही पुण्याला येऊ नका

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

दादाने नव्या घरात तुमच्यासाठी एक खोली ठेवली आहे, हे त्याने तुम्हाला सांगितलंच असेल. त्याला तुमची काळजी वाटते, मलाही वाटते. तरी हे पत्र मी नेमकं उलट सांगायला लिहितेय. बाबा, तुम्ही पुण्याला येऊ नका. अधूनमधून या, महिनाभर राहा, नातवंडांना सायकलचं पंक्चर काढायला शिकवा. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोडची ती पत्र्याची खोली, व्हाइस लावलेलं बाकडं आणि तुमचं यंत्रमाग दुरुस्तीचं काम सोडून येऊ नका. फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवतेय.

तुम्ही एकदा सोलापूर सोडलंत, फौजेसाठी, ते नाइलाजाने. १९७२ च्या दुष्काळात गावात काही उरलं नाही म्हणून आजोबा सगळ्यांना घेऊन सोलापूर शहरात आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून उभे राहिले. आज काम मिळेल की नाही हे रोज सकाळी गेटवर कळायचं. तुम्ही आयटीआयला फिटर झालात ते त्या गेटवर उभं राहायचं नाही म्हणून, आणि १९७८ ला भरती झालात तेही त्याचसाठी. सिकंदराबादच्या ईएमई (फौजेची यंत्रदुरुस्ती शाखा) सेंटरपासून पुढे चोवीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्यात. लोकांना फौजी म्हटलं की बंदूक दिसते. मला तुमची आठवण येते ती गाडीखाली झोपलेली, फक्त बूट दिसणारी.

१९९९ चा उन्हाळा मला नीट आठवतो. कारगिलच्या बातम्यांत द्रास, तोलोलिंग, टायगर हिल ही नावं रोज यायची, आणि घरात फौजेच्या टपालाचा पत्ता एकच: द्वारा ५६ एपीओ. तुम्ही नेमके कुठे आहात हे त्या पत्त्यावरून कुणालाच कळत नाही, आईलाही नाही. ती अंतर्देशीय पत्रात आमचे मार्क आणि दुधाचं बिल लिहायची, भीती कधी लिहायची नाही. तुम्ही परत आल्यावर फार थोडं सांगितलंत. गाड्या रात्री दिवे न लावता चालायच्या, आणि बंद पडलेली गाडी रस्त्यात राहिली तर मागचा सगळा ताफा तोफांच्या माऱ्याखाली अडकायचा, म्हणून ती अंधारात हाताने चाचपून चालू करायची. एवढंच. पण मी तेवढ्यावर पुष्कळ विचार केला आहे. आजही तुम्ही नट घट्ट करताना तिकडे बघत नाही, बाबा.

निवृत्तीनंतर तुमच्याबरोबरचे बरेच जण बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. त्यात कमीपणा काही नाही, घरं चालली त्यावर. तुम्हालाही ती नोकरी मिळत होती. तुम्ही मागाकडे वळलात, आणि ते आईमुळे, हे कुणी बोलत नाही म्हणून मी इथे लिहिते. तुम्ही सीमेवर असताना आई डझनाच्या भावाने टॉवेलला शिलाई मारत होती. कारखानदार तिच्या ओळखीचे होते, मागवाले तिच्या ओळखीचे होते. "माग दुरुस्त करणारे जॉबर मिळत नाहीत, दोन-दोन दिवस माग बंद राहतात," हे तिने तुम्हाला सांगितलं. आणि हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस बेचाळिशीत एका म्हाताऱ्या तेलुगू जॉबरच्या हाताखाली पाने-हत्यारं उचलून द्यायला लागला. ते तुम्हाला "पोरा" म्हणायचे. मला तेव्हा राग यायचा. तुम्हाला नाही आला. फौजेत शिकताना वय विचारत नाहीत, असं तुम्ही म्हणाला होतात.

मी शाळेतून डबा घेऊन यायचे तेव्हा पाहिलंय तुमचं काम. शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं अशा खोलीत तुम्ही डोळे मिटून उभे राहायचात आणि सांगायचात, कुठल्या मागाचं उजव्या बाजूचं पिकिंग, म्हणजे धोटा फेकणारा भाग, ढिलं झालंय. धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो लाकडी तुकडा, पेटीत पुरता पोचला नाही तर माग धाडकन थांबला पाहिजे. नाही थांबला तर धोटा ताण्यात, उभ्या धाग्यांत, अडकून शेकडो धागे तुटतात, नाहीतर उडून कुणाच्या तोंडावर बसतो. नक्षी पाडणाऱ्या जेकार्डचा एक हुक चुकला तर चादरीच्या मोरावर रेघ उमटते आणि पूर्ण नग दुय्यम ठरतो. एप्रिलमध्ये हवा कोरडी पडली की सुती धागा सारखा तुटतो. तेव्हा मागात दोष शोधत बसायचं नाही, आधी जमिनीवर पाणी मारायचं. हे तुम्ही कुठे वाचलं नव्हतंत. त्या जॉबरकाकांनी दिलं, आणि त्यांना त्यांच्या आधीच्या कुणीतरी.

बाबा, माझी खरी विनंती इथे आहे. धोट्याचे माग किलोच्या भावाने भंगारात चाललेत. नव्या रेपियर मागाला धोटा लागत नाही, नक्षी कॉम्प्युटरवरून येते. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी त्या नावाने बाहेरची स्वस्त चादर विकली जाते, आणि इथला छोटा कारखानदार वीजबिल आणि सुताचा भाव यांत पिचतो. हे थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण जे माग अजून चालू आहेत, ते चालवणाऱ्यांना तुमच्याकडचं मिळालं पाहिजे. तुमच्याकडे येणारा तो मुलगा हुशार आहे, त्याला नुसता मदतनीस ठेवू नका. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. नीट चालणारा माग, पिकिंग ढिलं झालेला माग, पट्टा घसरणारा माग, एकामागून एक. वहीत तारीख घालून लिहा: काय बिघडलं, आवाज कसा होता, काय केलं. फौजेत प्रत्येक गाडीचं लॉगबुक तुम्ही ठेवत होता, मग मागाचं का नको? पुण्याच्या आठव्या मजल्यावर बसून हे होणार नाही.

आणखी एक. दर १२ जानेवारीला तुम्ही पदकं लावून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली फाशी झाली ती येरवड्यात, म्हणजे पुण्यातच. पण त्यांची नावं घ्यायला माणसं जमतात ती सोलापुरात. मग लागूनच गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा. त्या आठवड्यात तुम्ही जसे असता तसे मी तुम्हाला पुण्यात कधीच पाहिलेलं नाही.

पण माझ्या अटी आहेत. रात्री बोलावणं आलं तर जायचं नाही, मालक कितीही गयावया करू दे. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर बाहेर पडायचं नाही, पारा त्रेचाळीसच्या वर असताना पत्र्याखाली उभं राहणं या वयात चालणार नाही. गुडघ्यासाठी बाकड्याजवळ उंच स्टूल घ्या, पैसे मी पाठवते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवर होतो, रांगेत उभं राहू नका, मी आल्यावर करून देते. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या दवाखान्याचं) कार्ड आईच्या पर्समध्ये असू द्या, तुमच्या टूलबॉक्समध्ये नको.

आणि आई, हे सगळं मी बाबांसाठी लिहिलं, पण इतकी वर्षं तुझी इच्छा कुणी विचारलीच नाही. तुला दादाकडे राहावंसं वाटत असेल, जिने, पाणी, स्वयंपाक आता नकोसा झाला असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव. मग आपण वेगळा मार्ग काढू. मला एकटीला सांग, बाबा दुकानात गेल्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र कुठेही राहिलीस तरी दिवाळीआधी करायचंच आहे.

येत्या शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघतेय. पोचायला रात्र होईल, जेवायला थांबू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेव, बास. शनिवारी सकाळी बाबांबरोबर कारखान्यात येईन, आणि येताना वही मीच आणते.

तुमची,
लेक