जॅकच्या पायाचीही मापं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पहिला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेणाऱ्यांसाठी जे पान आलं, ते मी काळजीपूर्वक वाचलं. पलंगाची लांबी, ओट्याची उंची, पाण्याची टाकी, खिडक्यांना दुहेरी काच आहे की नाही, सगळं त्यात आहे. टंग म्हणजे ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा भाग, आणि तो उचलून धरतो तो टंग जॅक. त्याच्याबद्दल मात्र क्षमतेचा एक आकडा आणि बॅटरीवर चालणारा घ्यावा असा सल्ला, एवढंच. त्या जॅकच्या खालच्या टोकाला कोणता पाय बसवायचा, याबद्दल अवाक्षर नाही. गाडीपासून ट्रेलर सोडवला की पुढचा सगळा भार त्या पायातून जमिनीत उतरतो. म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. इमारतीखालची, पुलाखालची माती किती भार घेईल आणि किती खचेल, हे सांगणं आमच्या प्रयोगशाळेचं काम. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको ट्रेलर घेऊन फिरतो. गाडी मागे घेऊन हिच, म्हणजे गाडीची जोडणी, जुळवणं यांच्याकडे, जॅक माझ्याकडे. त्यामुळे नव्या जागी पोचलो की मी आधी खाली बघते.

हिशोब अवघड नाही. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार टंगवर असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर वेगात डोलायला लागतो. म्हणजे ३००० किलोच्या ट्रेलरचा ३०० ते ४५० किलो भार जॅकवर येणार. ४०० धरू. पुष्कळ जॅकबरोबर दाबून काढलेल्या पत्र्याचा छोटा पाय येतो. समजा तो १२ सेंटिमीटर लांबरुंद आहे. क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ पावणेतीन किलो. काँक्रीटच्या फरशीवर, दाबलेल्या खडीवर याची काळजी नको. पण पावसाने भिजलेली चिकणमाती, ज्यात अंगठा फार जोर न लावता आत जातो, ती सुरक्षितपणे अर्धा ते एक किलोच पेलते. तिथे तो पाय रात्रीतून आत जाणार, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि पायच न बसवता जॅकची नुसती आतली नळी टेकवली, तर भार नळीच्या कडेवर येतो. सव्वादोन इंची नळीची जाडी ४ मिलिमीटर असेल, तर ती कड सात चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. साठ किलोचा दाब! मऊ जमिनीत ती नळी खिळ्यासारखी घुसते.

पाय ३० सेंटिमीटर लांबरुंद घेतला, तर हाच दाब ०.४४ किलोवर येतो. फक्त तो पाय ताठ हवा. मोठा पण पातळ पत्रा मधे दबतो, कडा वर उचलल्या जातात आणि भार पुन्हा मधल्या तेवढ्याच जागेवर येतो. पाय बघताना मी तो उलटा करते. बुडाला किंवा वरच्या बाजूला उभ्या पट्ट्या वेल्ड केल्या आहेत का, कडा वळवल्या आहेत का, हे बघते. नसतील आणि पत्रा हाताने वाकण्याइतका पातळ असेल, तर त्याच्या मोठेपणाला अर्थ नाही.

यावर लोक म्हणतात, खाली फळी ठेवली की झालं. अर्धं खरं आहे. फळी ठेवावीच. लाकडातून भार साधारण ४५ अंशांत पसरतो असं धरलं, तर ५ सेंटिमीटर जाडीची फळी १२ सेंटिमीटरच्या पायाला २२ सेंटिमीटरचा करते आणि दाब ०.८३ किलोवर येतो. तिच्यावर दुसरी तशीच फळी ठेवली, तर ०.४ च्या आसपास. मात्र दोन्ही फळ्यांचे रेषे एकाच दिशेला ठेवले, तर त्या आडव्या वाकतात आणि चिरतात. वरची फळी खालचीला काटकोनात हवी. जाड प्लायवूड मला म्हणूनच आवडतं, त्यात थरांची दिशा आलटून पालटून असतेच. अडचण वेगळी आहे. छोटा, गुळगुळीत पाय ओल्या फळीवर सरकतो. ट्रेलर एक बोटभर पुढेमागे झाला, की पाय फळीच्या कडेकडे जायला लागतो. त्यामुळे फळी असली तरी पाय रुंद आणि बुडाला पकड असलेला हवा. पोकळ काँक्रीटचे ठोकळे मात्र जॅकखाली कधीही ठेवू नयेत. लाकूड आधी करकरतं, चेपतं, सूचना देतं. काँक्रीटचा पोकळ ठोकळा काही न सांगता फुटतो.

एका तळावर आमच्या शेजारी थांबलेल्या कुटुंबाचा ट्रेलर रात्रीच्या पावसात पुढून खाली गेला होता. जॅक पूर्ण उघडलेला, आणखी उघडायला दांडाच (जॅकची आतली सरकती नळी) उरला नव्हता. विजेच्या जॅकचा दांडा बहुधा १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर चालतो. त्यांनी बुटक्या पायाची उणीव भरून काढायला तो आधीच जवळजवळ टोकापर्यंत वापरला होता. कपलर, म्हणजे ट्रेलरचं जोडायचं तोंड, गाडीच्या हिचवरच्या बॉलच्या खाली गेला, आता गाडी जोडायची कशी? चाकांचे ठोकळे तपासून, बाजूला दुसरा जॅक लावून, फळ्या घालून सकाळचा बराच वेळ त्यात गेला. बाईंच्या चेहऱ्यावरची भीती मला आठवते. लहान मुलं त्या टंगभोवतीच खेळत होती.

इथे उंचीचा मुद्दा येतो आणि तो मला रुंदीइतकाच महत्त्वाचा वाटतो. जॅक जितका जास्त उघडाल तितका तो बाजूच्या धक्क्याला दुबळा. जमिनीपाशी बसलेला आडवा धक्का वर नळीच्या तोंडाशी येताना लांबीच्या पटीत वाढतो. २० सेंटिमीटर बाहेर आलेल्या दांड्यापेक्षा ४० सेंटिमीटर बाहेर आलेल्या दांड्यावर त्याच धक्क्याचा वाकवण्याचा जोर दुप्पट. आत कुणी चालल्यावर ट्रेलर हलतो, त्यातलं काही हलणं इथून येतं. म्हणून उंच पाय, किंवा भोकांमध्ये पिन सरकवून लांबी बदलता येणारा पाय घेतला, की दांडा कमी उघडावा लागतो. वेळही वाचतो आणि बॅटरीही. अट एवढीच, की निघताना तो वर घेता यावा किंवा काढून ठेवता यावा. विसरलात तर रस्त्यावरचा पहिला उंचवटा जॅक वाकवून ठेवेल.

दांडा वर घेतला की आपोआप दुमडणारे पाय निघाले आहेत. ज्यांना रोज नव्या जागी, पक्क्या फरशीवर एक रात्र थांबायचं आहे, त्यांच्यासाठी ती सोय खरोखर मोठी आहे. वाकायला नको, पिन शोधायला नको. गुडघे दुखणाऱ्यांना मी तोच सुचवीन. पण मऊ जमिनीवर आठवडाभर मुक्काम असेल, तर माझी पसंती साध्या, रुंद, पिनेच्या पायालाच आहे. दुमडणाऱ्या पायाच्या बिजागरीत चिखल आणि वाळू जाते, स्प्रिंग गंजते, आणि आडव्या धक्क्याला बिजागरीइतका कमकुवत सांधा दुसरा नाही. छोटं चाक असलेला पाय हलका ट्रेलर गुळगुळीत फरशीवर हाताने फिरवायला ठीक. त्याच्यावर ट्रेलर उभा करून झोपू नये. चाकाचा जमिनीला स्पर्श अगदी थोडा, आणि त्याचा गुणच मुळी घरंगळण्याचा.

उतारावर थांबणाऱ्यांनी बॉलच्या सांध्यावर कलणारा पाय बघावा. घट्ट सांधलेला सपाट पाय उतरत्या जमिनीवर एका कडेवर टेकतो. मग ३० सेंटिमीटरचा पाय विकत घेऊन काय उपयोग? कलणारा पाय जमिनीला पूर्ण टेकतो. पण किती अंशांपर्यंत कलतो ते विचारावं, आणि त्या सांध्याला भार किती झेपतो तेही.

आता क्षमतेच्या आकड्याबद्दल, कारण आपल्या पानातही तोच तेवढा होता. टंगवर ४०० किलो असताना १६०० किलोचा जॅक कशाला, असं वाचकांना वाटेल. भार वाटून देणारा हिच वापरणारे लोक त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या अडकवताना जोडलेला ट्रेलर आणि गाडीची मागची बाजू दोन्ही जॅकने उचलतात. त्या क्षणी जॅकवरचा भार टंगच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो सगळाच्या सगळा पायातूनच जातो. जॅक १६०० किलोचा आणि पाय ५०० चा, अशी जोडी असेल तर तुमची क्षमता ५०० किलोच. पायावर क्षमता छापलेली नसेल, तर विक्रेत्याला विचारावी. उत्तर मिळालं नाही, तर दुसरा पाय बघावा.

मापांबाबत थोडं नेमकं लिहिते, कारण पाय परत करायला जाणारे बहुतेक इथेच अडकतात. आतल्या नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. दोन इंच आणि सव्वादोन इंच ही दोन मापं नेहमीची, आणि नुसत्या डोळ्यांना त्यांतला फरक कळत नाही. दोन इंची पाय सव्वादोनच्या नळीवर चढतच नाही. हे बरं, निदान लगेच कळतं. उलट सव्वादोनचा पाय दोनच्या नळीवर सहज चढतो, पिनही बसते, आणि मग तो खुळखुळतो. प्रत्येक खुळखुळण्यात पिनेची भोकं लांबट होत जातात. नळी गोल आहे की चौकोनी, भोकाचा व्यास किती, भोकाचा मध्य नळीच्या टोकापासून किती वर, हेही लिहून घ्या. एकाच उंचीचा पाय चढवल्यावर नळीचं टोक पायाच्या आतल्या बुडावर टेकलं पाहिजे. टेकलं, तर भार सरळ उतरतो आणि पिन फक्त पाय गळून पडू देत नाही. टेकलं नाही, तर सगळा भार पिनेवर लटकतो. पिन भोकात सैल नको. पिनेच्या जागी आटे असलेला साधा बोल्ट घालू नका. आट्यांच्या धारा भोकाची कड कुरतडतात, आणि आट्यांपाशी बोल्टही कमजोर असतो. क्लिप लावल्याशिवाय पिन बसली असं समजू नका.

पाय बसवणं, बदलणं, पिन काढणं हे सगळं ट्रेलर गाडीला जोडलेला आणि कपलर कुलूपबंद असतानाच करावं. ट्रेलर सोडवण्याआधी चाकांच्या पुढेमागे ठोकळे. जॅकवर भार असताना टंगखाली हात नको, पाय नको, मूल नको. यात मी यांचंही ऐकत नाही.

दोन जागांबद्दल वाचकांनी सावध असावं. कडक उन्हात डांबर मऊ होतं. सकाळी दगडासारखी वाटलेली जागा दुपारी पायाखाली दबते, तिथे फळी हवीच. आणि गोठवणाऱ्या थंडीत ओल्या जमिनीवर ठेवलेला लोखंडी पाय सकाळी जमिनीला चिकटलेला असतो. तो जॅकने ओढून काढू नये, त्याने पिन आणि भोकं दोन्ही खराब होतात. आदल्या रात्री खाली प्लॅस्टिकचा जाड तुकडा सरकवला तर प्रश्नच येत नाही.

माझी विनंती अशी, की आपण ट्रेलरच्या तुलनेचा तक्ता पुन्हा छापाल, तेव्हा त्यात जॅकच्या क्षमतेशेजारी पायाची लांबीरुंदी, उंची आणि भार पेलण्याची क्षमता, नळीचा व्यास आणि पिनेचा व्यास हे रकाने घालावेत. उत्पादकांच्या माहितीपत्रकात हे आकडे नसतील, तर आपल्या प्रतिनिधीने ते मागावेत. वर्तमानपत्राने विचारलं की उत्तर लवकर येतं. ज्या ट्रेलरचा आकडा मिळणार नाही, त्याच्यापुढचा रकाना कृपया रिकामाच छापावा.

आपली,
माती-परीक्षणातून निवृत्त झालेली एक वाचक