तायप्पा-गुणा ठीक, पण मित्राला का विसरलात?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, मराठीत समलैंगिक पात्रं ओटीटीमुळे आली म्हणे. अहो, १९८१ साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक स्टेजवर आलं होतं! रोहिणी हट्टंगडी मित्रा करायच्या आणि काळ कुठला तर स्वातंत्र्याच्या आधीचा, कॉलेजातली पोरं. कॉलेजच्या नाटकात मित्राच्या वाट्याला पुरुषाचं काम येतं, समोर हिरोईन नमा, आणि ते करता करता तिला नमा खरंच आवडायला लागते. नाटकातलं नाटक हे निमित्त, बाकी सगळं उघड आहे, आडपडदा नाही. पुढच्याच वर्षी 'उंबरठा'मध्ये आश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं, तेही स्मिता पाटीलच्या सिनेमात, म्हणजे कुठल्या कोपऱ्यात नाही.

लेखात 'जोगवा' आणि 'नटरंग'चं कौतुक आहे, मलाही दोन्ही आवडतात, 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेला नॅशनल अवॉर्ड मिळालं ते योग्यच. पण 'जोगवा'तल्या तायप्पाचं प्रेम सुलीवर, देवीचा जोगता केला म्हणून लुगडं त्याच्या गळ्यात मारलेलं. 'नटरंग'मधला गुणा तर पैलवान गडी, घरी बायको, तमाशाच्या फडाला नाच्या (बायकी हावभाव करणारा पुरुष) मिळेना म्हणून स्वतः उभा राहतो. मग आपण थिएटरात रडलो कशासाठी, तर चांगला मर्द गडी आणि लोक त्याला काय समजतात बघा, यासाठी ना? तोच नाच्या खरोखर पुरुषावर प्रेम करणारा असता तर एवढे रुमाल ओले झाले असते का, मला तरी शंका आहे. आणि कॉमेडी सिनेमात, टीव्हीवरच्या स्किटमध्ये तर विचारूच नका, मनगट मोडून लाडात बोलणारा एक नग आणला की हशा फिक्स.

नाही म्हणायला 'नटरंग'वाल्या रवी जाधवनेच नंतर तेंडुलकरांच्या कथेवरून 'मित्रा' केली, पण ती शॉर्ट फिल्म. आणि 'कोबाल्ट ब्लू' घ्या, सचिन कुंडलकरची २००६ ची मराठी कादंबरी, भाऊ-बहीण दोघं एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. २०२२ मध्ये तिचा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तो हिंदी बोलत, आणि घर थेट कोचीला! आपल्याकडच्या गोष्टीला ओटीटीने हिंदीत जागा दिली एवढंच, गोष्ट आधीपासून इथलीच होती.

तेव्हा एवढी दुरुस्ती छापा. आणि 'मित्राची गोष्ट'चा प्रयोग कुठे लागला तर आतल्या पानात चार ओळीत उरकू नका, नीट मोठी बातमी करा, आम्ही तिकीट काढून जाऊ.

– एक वाचक, डोंबिवली