सई जर्मनीला निघाली, त्याबद्दल आई-बाबांना

पुणे, ५ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाचा फोन झाला. शाळेतून जर्मनीला जाणाऱ्या गटात त्याच्या सईचं नाव पक्कं झालं आणि घरात दोन तट पडलेत म्हणे. आई बॅग भरायला लागलीय आणि बाबा ‘परक्याच्या घरी पोरीला तीन आठवडे ठेवायचं कसं’ म्हणून अडून बसलेत. शाळांच्या अशा सहली लावून देणं हे माझं रोजचंच काम, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलं की आई अर्धंच ऐकते आणि बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत.

आधी बाबांचं. हे लॉज नाही, पेइंग गेस्टही नाही. सईच्या वयाची तिथल्या शाळेतली एक मुलगी तिची जोडीदार असते आणि सई तिच्या घरी राहते. दिवसा दोघी शाळेत, संध्याकाळी घरी. ते कुटुंब पैसे घेत नाही. ऑक्टोबरात तीच मुलगी आपल्याकडे राहायला येणार, हीच त्याची परतफेड. म्हणजे पाहुणचार सांभाळायची पाळी तुमच्यावरही येणार आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, म्हणून खेड्यापाड्यातली पोरं कोल्हापुरात शिकली, हे बाबा आम्हाला नेहमी सांगतात. परक्या छपराखाली राहण्याचं कोल्हापूरकरांना वावडं नाहीच. पण बोर्डिंग आणि होस्ट फॅमिली यात एक मोठा फरक आहे. बोर्डिंगात नियम भिंतीवर लावलेले असतात. घराचे नियम कुणी लिहीत नाही, कारण घरच्यांना ते नियम वाटतच नाहीत. पोरांचं बिनसतं ते इथेच. चोरी-मारामारीवरून नाही, ओल्या बाथरूमवरून.

म्हणून ते बाथरूम नीट समजून घ्या. तिथे न्हाणीघराच्या फरशीला बहुतेक जाळी नसते. पाणी जायला जागा फक्त शॉवरच्या काचेच्या कप्प्यात किंवा टबात. बाहेर सांडलेलं पाणी तिथेच मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. बादली-तांब्या नसतो. अंघोळ आटपली की काचेवरचं पाणी रबरी पट्टीने ओढून काढायचं, कारण पाण्यात क्षार फार, वाळले की पांढरे डाग पडतात. अंघोळ पाच-सात मिनिटांत, आणि सकाळी कुणाचा नंबर कधी हे पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्यायचं. आई, रात्री तिच्या डोक्यावर तेल थापायची सवय तेवढी आत्तापासून मोड. तेलकट उशी कुणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहते.

कचरा हा दुसरा विषय. वेष्टनं पिवळ्या डब्यात, कागद निळ्यात, ओला कचरा बहुधा तपकिरी डब्यात, उरलेलं काळ्या किंवा करड्यात. रंग गावागणिक थोडे बदलतात, म्हणून विचारूनच टाकायचं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती बाटली दुकानातल्या यंत्रात परत द्यायची. चेपली की यंत्र घेत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून लागेल ते शनिवारीच आणायचं. रात्री दहानंतर आवाज नाही. मे-जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजताही उजेड असतो, त्यामुळे पोरांना रात्र झाल्याचं कळतच नाही.

आता आईची बॅग. पेढे, खव्याची बर्फी, तूप यातलं काही चालणार नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. विमानतळावर काढून टाकतात, वर दंडही होऊ शकतो. हापूस आणि कढीलिंबही नाही, ताज्या फळा-पाल्याला रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्याच विमानतळावर अडतात. त्यात तेल इतकं की खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात.

कांदा-लसूण मसाला चालेल, पण २५० ग्रॅमच्या वर नको. दुहेरी पिशवीत सीलबंद करून चेक-इनच्या बॅगेत. मिरचीपूड हातातल्या बॅगेत चालत नाही. पाकिटावर इंग्रजीत काय आहे ते लिहा. लोणचं नकोच, विमानात दाब बदलला की बरणीतून तेल बाहेर येतं आणि सगळ्या कपड्यांना वास लागतो. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत. गूळ आणि जयसिंगपूरचं भडंग द्यायला उत्तम. फक्त भडंगात शेंगदाणे असतात, तेव्हा त्या घरात कुणाला त्याची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी ईमेलने विचारा. आपल्याला हसू येईल, पण तिकडे शेंगदाण्याने मुलं दवाखान्यात जातात.

भेट म्हणून कोल्हापुरी चप्पल द्यायची हे दादाचं म्हणणं मला पटलं, पण अंदाजाने घेऊ नका. आपले नंबर आणि त्यांचे नंबर जुळतीलच असं नाही. त्यांना कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ काढायला सांगा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. तो कागद घेऊन बाबांनी चप्पल लाइनला जावं. कारागिराला ‘जरा सैल’ म्हणू नका, चामडं वापरून सैल होतंच. अंगठ्याच्या पट्ट्याला तेलाचा हात आधीच फिरवून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी पाय सोलून निघेल. आणि सोबत चिठ्ठी: पावसात घालू नये, भिजली तर सावलीत वाळवावी, हीटरवर ठेवू नये. यापेक्षा महागाचं काही नको. आहेराचं पाकीट तर मुळीच नको, पैसे दिले की माणसं अवघडतात.

खाण्याचा रकाना भरताना दादाने नुसतं ‘नॉन-व्हेज चालतं’ लिहिलंय. तो फॉर्म परत मागवा. बुधवार-रविवारचं मटण म्हणजे आपलं नॉन-व्हेज, तिथे त्याचा अर्थ डुक्कर आणि गायही. सॉसेजमध्ये बऱ्याचदा दोन्ही मिसळलेलं असतं, सूप हाडांच्या अर्कावर असतं, लहान मुलांच्या चिकट गोळ्यांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा अर्क, असतं. म्हणून सरळ लिहायचं: कोंबडी, बकरी, मासे, अंडी चालतात, गाय आणि डुक्कर नाही, अर्कातही नाही. एकदा स्पष्ट लिहिलं की ते लोक काटेकोर पाळतात. संध्याकाळचं जेवण अनेक घरांत थंडच असतं. ब्रेड, चीज, काकडी-टोमॅटो, एवढंच. ते बघून आई, ‘पोरीला उपाशी ठेवलंय’ असं समजू नकोस.

तिने त्यांना एकदा आपलं जेवण करून घालावं, ही माझी आग्रहाची सूचना. मे महिन्यात तिच्याकडून मसालेभात दोन-तीनदा करून घे. पण कुकरशिवाय आणि गॅसशिवाय, शेजारून इंडक्शनची शेगडी माग. तिथे कुकर नसतो आणि गोल बुडाची कढई त्या शेगडीवर बसत नाही. चार माणसांना दीड वाटी बासमती, तीन वाट्या पाणी, मटार-बटाटा-गाजर मिळून दीड वाटी. मसाला आपल्याकडे दोन चमचे लागला असता, तिथे अर्धा चमचा. जाड बुडाच्या भांड्यात फोडणी करून तांदूळ परतायचे, पाणी उकळलं की आच अगदी कमी, घट्ट झाकण, पंधरा मिनिटं. मग शेगडी बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. फोडणीच्या वेळी मोहरी तडतडून धूर होऊ देऊ नको म्हणावं. तिथे घराघरांत छताला धुराचा अलार्म असतो, तो कर्कश वाजतो. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा लावायचा, खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं.

कागदपत्रांचं दादा बघतोय, फक्त त्याच्या मागे लागा. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालतो तो) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबून कोण राहतं! मे महिन्यात गर्दी असते, तारीख आजच घ्या. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा. विमा किमान ३०,००० युरोचा. शाळेच्या गटातल्या विद्यार्थ्यांना व्हिसाची फी माफ असते, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार मात्र भरावा लागतो. मुलगी अल्पवयीन असल्याने संमतिपत्रावर दादा आणि वहिनी दोघांच्या सह्या हव्यात. शिवाय दवाखान्यात उपचार करायला परवानगी देणारं वेगळं पत्र. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, आणि त्यावर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, ‘पॅरासिटामॉल’ असं. विम्यात दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर भरपाई आहे का हे बघा. फुटलेला टीव्ही मैत्रीपेक्षा महाग पडतो.

फोन. हा भाग आईसाठी. रडू बहुतेक पहिल्याच आठवड्यात येतं, प्रवासाची नवलाई ओसरली की. त्याच वेळी घरून रोज फोन गेला तर मूल तिथे रुळतच नाही, अर्धं कोल्हापुरात राहतं. पोचल्याचा एक मेसेज, मग आठवड्यातून दोनदा फोन, बस्स. मे-जूनमध्ये त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपल्या रात्री आठला तिथे दुपारचे साडेचार, ही वेळ बरी. त्याहून उशीर केला तर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मराठीत मोठमोठ्याने बोलणं होतं. ‘जेवलीस का?’ विचारू नकोस, ‘आज घरात काय काम केलंस?’ विचार. आणि ‘जरा घर फिरवून दाखव’ म्हणून व्हिडिओ कॉल करायचा नाही.

काही बिनसलं तर आधी जोडीदार मुलीच्या आईशी बोलायचं, मग सोबतच्या मॅडमशी, मग तिथल्या शाळेच्या समन्वयकाशी. घर बदलूनही मिळतं. कोल्हापुरातून व्हॉट्सअ‍ॅपवर पंचायत भरवली की साधी गोष्ट चिघळते. याला अपवाद आहे: कुणी नकोसा हात लावला, खोलीत न विचारता येऊ लागलं, दारूचा आग्रह केला, तर पायऱ्या-बियऱ्या नाहीत. ताबडतोब मॅडमना फोन, गरज पडली तर ११२. तिथे बिअर आणि वाईन सोळाव्या वर्षापासून कायद्याने चालते, म्हणून टेबलावर बाटली दिसली तर घाबरायचं नाही. सईने घ्यायची नाही, एवढंच. हे सगळं तिच्याशी वहिनीने मोकळेपणी बोलून ठेवावं. लाजायचं काम नाही.

आता ऑक्टोबर. ती मुलगी आली की चोवीस तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (आधी त्याला ‘फॉर्म सी’ म्हणत) ऑनलाइन भरावा लागतो. हा नियम नुसत्या हॉटेलांना नाही, घरी परदेशी माणूस उतरवणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यासाठी घरमालकाच्या नावाने आधी नोंदणी करून मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. घर बाबांच्या नावावर आहे, तेव्हा सप्टेंबरातच करून टाकू. नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे जाते. पोलीस चौकशीला आले तर दचकू नका.

आई, तिला आग्रह करायचा नाही. त्यांच्यात ताटात टाकणं वाईट समजतात, म्हणून ती वाढलेलं सगळं संपवणार. ताट रिकामं दिसलं की तू पुन्हा वाढणार, ती पुन्हा संपवणार, आणि रात्री उलट्या. ‘नको’ म्हणाली की नकोच असतं. सुरुवात पांढऱ्या रश्श्याच्या अर्ध्या वाटीने, तांबडा दुसऱ्या आठवड्यात. पहिले काही दिवस दात घासायलाही फिल्टरचंच पाणी, बर्फ आणि रस्त्यावरची कापलेली फळं नाहीत. तिची खोली तिची, दार वाजवूनच आत. दुपारी ती दोन तास एकटी बसली तर रुसलेली नसते. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवू नका आणि तिचे फोटो तिच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका, यात ते फार कडक असतात. दसऱ्याचा सोहळा बघायला दसरा चौकात जरूर न्या, पण गाडीवर ट्रिपल सीट नाही, आणि हेल्मेटशिवाय तर नाहीच.

बाबा, नोंदणीसाठी तुमच्या आधारची आणि चालू महिन्याच्या लाइट बिलाची स्कॅन प्रत लागेल. बिलावर अजून आजोबांचंच नाव असेल तर महावितरणमध्ये नाव बदलायचा अर्ज याच महिन्यात द्या. फोटोही काढून ठेवा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. लग्नातला कापून दिलेला चालणार नाही.

सईला आशीर्वाद आणि वहिनीला नमस्कार. गुडघ्याची गोळी चुकवू नका.

तुमची,
वैशू