जावास्क्रिप्टच्या जुन्या खोडी

महोदय,

जावास्क्रिप्ट ही संकेतस्थळांसाठीची संगणकभाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली, हे कौतुकाने सांगितले जाते. त्या घाईची किंमत मात्र आम्ही शिकवणारे आजही मोजतो. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने ९, १० आणि १ हे आकडे भाषेच्या तयार सोयीने चढत्या क्रमाने लावले, तर पडद्यावर १, १०, ९ उमटले, कारण वेगळी सूचना न दिल्यास ही भाषा आकड्यांनाही अक्षरे समजूनच त्यांची तुलना करते. अवतरणचिन्हांतल्या, म्हणजे अक्षर मानल्या जाणाऱ्या, '५' मध्ये ३ मिळवले की ५३ होतात आणि त्याच '५' मधून ३ वजा केले की मुकाट्याने २ उरतात! 'नल', म्हणजे काहीच नाही, याचा प्रकार विचारल्यास 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू, असे उत्तर येते. ही उघड चूक सुधारण्याचा प्रस्ताव आलाही होता, परंतु जुनी संकेतस्थळे बिघडतील म्हणून तो बारगळला. हे कारण मला पटते. पटत नाही ते असे, की या खोडी नवशिक्यांना पहिल्याच तासाला न सांगता परीक्षेतले फसवे प्रश्न म्हणून राखून ठेवल्या जातात.

— एक संगणक-शिक्षक, सातारा