कीफर यांची चित्रे एवढीशी छापू नका

मा. संपादक,

रविवार पुरवणीत जर्मन चित्रकार-शिल्पकार आन्सेल्म कीफर यांच्यावर लेख वाचून आनंद झाला. लिलावातल्या किमतीची बातमी सोडली, तर परदेशी चित्रकारांना आपल्याकडे जागा कुठे मिळते? मात्र 'भग्नतेचे चित्रकार' एवढीच ओळख लेखाने करून दिली, याची चुटपुट लागली.

मार्च 1945 मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनला कीफर जन्मले, तेव्हा युद्ध संपायला दोन महिने होते. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा हीच त्यांची खेळणी. पण पुढे त्यांना छळले ते घराघरांतल्या मौनाने. नाझी काळाबद्दल वडीलधारी माणसे ब्र काढत नव्हती. कायद्याचे शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळलेल्या या तरुणाने 1969 मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटलीत ठिकठिकाणी, जर्मनीत बंदी असलेली नाझी सलामी देत स्वतःचे फोटो काढून घेतले. काहींत अंगावर वडिलांचा लष्करी गणवेश आहे. लोक खवळले. माझ्या मते आपल्याच घरावर असे बोट ठेवण्याहून मोठे धैर्य नाही.

'शुलामिथ' (1983) हे चित्र तर लेखात यायलाच हवे होते. पॉल सेलान यांच्या छळछावणीवरील कवितेत सोनेरी केसांची जर्मन मार्गारेटे आहे आणि राखेच्या केसांची ज्यू शुलामिथ. मार्गारेटेवरच्या वेगळ्या चित्रात कीफर यांनी कॅनव्हासवर खराखुरा पेंढा चिकटवला. शुलामिथसाठी त्यांनी वास्तुकार विल्हेल्म क्राइस यांनी नाझी काळात जर्मन सैनिकांच्या स्मारकासाठी आखलेले विटांचे कमानी दालन घेतले. काजळी धरलेल्या भिंती, पार टोकाला सात इवल्या ज्योती आणि डाव्या कोपऱ्यात वर तिचे नाव. मारणाऱ्यांच्या गौरवासाठी आखलेली वास्तू मारल्या गेलेल्यांची झाली!

शिसे हा त्यांचा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. कोलोन कॅथेड्रलच्या छपराचे जुने शिसे त्यांनी विकत घेतले. शिशाच्या पानांचे अवजड ग्रंथ केले, ते एकट्या माणसाला उचलवणार नाहीत. 1992 पासून फ्रान्समधल्या बार्जाकला जुन्या रेशीम कारखान्याच्या आवारात त्यांनी बोगदे खणले, काँक्रीटचे मनोरे उभारले. मिलानमधले त्यांचे सात मनोरे तर प्रत्येकी 90 टनांचे आहेत. भारतातल्या प्रवासात पाहिलेल्या वीटभट्ट्याही त्यांच्या चित्रांत आल्या, आणि मराठी लेखात नेमके तेही राहून गेले. 2008 मध्ये जर्मन पुस्तक व्यावसायिकांचा शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिलेच दृश्यकलावंत.

आता एक विनंती. 'शुलामिथ' जवळजवळ तीन मीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद आहे. अशा कलावंताची चित्रे दोन बोटे रुंदीच्या चौकटीत छापली, तर पेंढा आणि काजळी दिसणार कशी? कलेवरच्या लेखाला निदान एक चित्र अर्धे पान द्यावे, आणि चित्राखाली आकार, माध्यम व संग्रहालयाचे नाव न चुकता छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली