नाटकाचं पुस्तकही बोलू शकतं

संपादक साहेब,
आपल्याकडे नाटकाचं पुस्तक छापतात म्हणजे काय तर डावीकडे पात्राचं नाव, पुढे संवाद, मधे कंसात ‘हसतो’, ‘चिडून’, बस्स. स्टेजवर जे घडतं त्यातलं पानावर काहीच उतरत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

१९६४ मध्ये फ्रान्समधे रोबेर मासँ नावाच्या डिझायनरने आयोनेस्को या नाटककाराच्या ‘बाल्ड सोप्रानो’ या नाटकाचं पुस्तक केलं, गालिमार प्रकाशनाने छापलं, आणि ते आजही बघताना थक्क व्हायला होतं. प्रत्येक पात्राच्या संवादांना वेगळा टाइप (फॉन्ट), बायकांचे संवाद तिरक्या अक्षरात, पुरुषांचे सरळ, आणि नाव छापण्याऐवजी त्या नटाचाच फोटो, तोही कडक काळा-पांढरा, मधला करडा रंग जवळजवळ नाहीच, त्यामुळे कोण बोलतंय ते लगेच कळतं. कुणी गप्प बसलं की पान कोरं. शेवटी सगळे भांडायला लागतात तेव्हा अक्षरं मोठी होतात, वाकडी होतात, एकमेकांवर चढतात, पानावरच कल्ला! फोटो हेन्री कोहेनचे, आणि प्रयोग निकोला बाताईने बसवलेला, म्हणजे खऱ्या नटांचाच अभिनय पुस्तकात आला.

देवनागरीत हे जमणार नाही असं कुणी म्हणेल, पण मला नाही पटत, आता तर मराठीत कितीतरी चांगले फॉन्ट आलेत आणि जोडाक्षरं, वेलांट्या, शिरोरेघ यांच्याशी खेळायला भरपूर वाव आहे. एखाद्या प्रकाशकाने नाटककार, फोटोग्राफर आणि अक्षरकार यांना एकत्र बसवून एक तरी मराठी नाटक असं काढावं, किंमत जास्त असली तरी मी घेईन.

– एक नाट्यवेडा वाचक, पुणे