सांधे दुखणाऱ्या प्रत्येक बाईची लघवी तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

सरकारी रुग्णालयांत गरिबांना डायलिसिस मोफत मिळतं, हे मोठं काम आहे. पण वेळेत लक्ष दिलं तर ज्या किडन्या वाचू शकतात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

मी नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून आलेल्या विशी-तिशीतल्या बायकांच्या चिठ्ठीवर 'संधिवात' लिहिलेलं असतं. परीक्षानळीतल्या लघवीचा वरचा भाग ज्योतीवर तापवला की तो पांढरा, गढूळ होतो. असिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकूनही ते गढूळपण गेलं नाही, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळतंय. विचारलं तर त्या सांगतात, "पाय सुजतात, पण गावच्या डॉक्टरनं दुखण्याचीच सुई लावली." लघवी याआधी कुणी तपासलेलीच नसते.

यातल्या काहींना ल्युपस असतो. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, आणि दहापैकी नऊ रुग्ण बायकाच असतात. सांधे दुखतात म्हणून त्या येतात, पण आजार किडनी, फुप्फुसं, हृदयाचं आवरण, रक्तपेशी, मेंदू, कुठेही पोचतो. जवळपास निम्म्या रुग्णांची किडनी कधी ना कधी या आजाराच्या तावडीत सापडते. ती दुखत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. किडनी नीट गाळेनाशी झाली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. स्क्लेरोडर्मा या कातडी कडक करणाऱ्या, अशाच उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या आजारात तर रक्तदाब एकाएकी भडकून थोड्या दिवसांत किडनी बंद पडू शकते. तिथे रक्तदाब मोजणं हीच पहिली तपासणी.

त्यात डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. त्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, बाई दिवसभर उन्हात, अंगातलं पाणी आटलेलं, आणि वर रोजच्या दोन गोळ्या. ऊन स्वतःच ल्युपसला भडकवतं. आजारी किडनीनं हे सगळं कसं सोसावं?

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात कळकळीची मागणी ही: सहा आठवड्यांहून जास्त सांधे दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाची लघवी आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासला जावा, आणि दोन्हींचा निकाल रुग्णाच्या कार्डावर लिहिला जावा. लघवीत बुडवून प्रोटीन तपासायची पट्टी काही रुपयांत येते. ती संपली असेल तर दिवा आणि परीक्षानळीवरही काम भागतं. आजाराचं निदान झालेल्यांची हीच तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी.

प्रोटीन सापडलं तर पुढची वाटही मोकळी हवी. किडनीची बायोप्सी (सुईने छोटा तुकडा काढून तपासणं) आणि तिचा पूर्ण अहवाल नागपुरातच मोफत मिळावा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि मायकोफेनोलेट ही ल्युपसवरची औषधं जिल्हा रुग्णालयात दर महिन्याला, खंड न पडता मिळावीत. हे उपचार वर्षानुवर्षं चालतात. पैसे संपले की गोळ्या थांबतात आणि आजार उलटतो. शिवाय नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या संधिवाताच्या ओपीडीचे वार प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असावेत, म्हणजे आशाताई रुग्णाला योग्य दिवशी पाठवू शकेल.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. त्याआधी लघवी तपासणीचा आदेश काढावा आणि औषधांच्या तरतुदीबद्दल सभागृहात निवेदन करावं, ही विनंती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, नागपूर